काकांविषयी, पप्पांना

लीड्स

प्रिय पप्पा,
सप्रेम सलाम.

आत्याने फोनवर सगळं सांगितलं. काकांचा दफनविधी झाल्यावर चर्चच्या मंडळीतलं कुणीतरी तुम्हाला म्हणालं, 'शेवटपर्यंत प्रार्थनेला नको म्हणाला, त्याला आता कसली आशा?' तेव्हापासून तुम्हाला नीट झोप नाही. फोनवर बोलायला लागले की रडू येतं, म्हणून लिहिते.

काका नास्तिक होते, हे आपण गोड शब्दांत झाकू नये. रामकुंडावर अस्थी सोडणारे आणि शरणपूरच्या ख्रिस्ती दफनभूमीत कबरीवर फुलं ठेवणारे, दोघंही स्वतःची समजूत घालतात, असं ते सरळ म्हणायचे. पण मेल्यावर काही नाही म्हणून जे द्यायचं ते आत्ताच, हे त्यांनी जगून दाखवलं. डोळेसुद्धा देऊन गेले.

इथे असे लोक रोज भेटतात. २०२१ च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समध्ये स्वतःला ख्रिस्ती म्हणवणारे निम्म्याहून कमी, ४६.२ टक्के निघाले. धर्म नाही म्हणणारे ३७.२ टक्के. माझ्या वॉर्डातली एक नास्तिक नर्स मरणाऱ्या माणसाचा हात धरून जितकी बसते, तितकं बसायला मला जमत नाही. एका पेशंटच्या धर्मविरहित अंत्यविधीला मी गेले होते. त्याच्या आयुष्याबद्दल फार प्रेमाने बोलले सगळे. मात्र पुढचं काहीच नव्हतं, आणि मला ते पुढचं हवं होतं. बायबलमधला मेलेल्यांच्या पुनरुत्थानाचा अध्याय, करिंथकरांच्या पहिल्या पत्राचा पंधरावा, मी मनातच म्हटला.

पप्पा, आपला विश्वास 'आत्मा अमर आहे' यावर उभा नाही. माणूस खरोखर मरतो, इथपर्यंत काका बरोबरच होते. मित्र लाजराच्या कबरीपाशी प्रभू येशू रडला, तो उगाच नाही. पुनरुत्थान न मानणारे सदूकी त्याच्याकडे आले, तेव्हा त्याने आत्म्याची चर्चा केलीच नाही. देव अब्राहाम, इसहाक, याकोब यांचा देव आहे, मेलेल्यांचा नव्हे तर जिवंतांचा, असं म्हणाला. म्हणजे आशा आपल्यातल्या कशावर नाही. ज्याने प्रेम केलं तो सोडत नाही, यावर आहे. मग ती काकांच्या 'हो'वर तरी पूर्ण कशी अवलंबून असेल? ते नक्की तारले गेले, असं मी म्हणत नाही. तो निवाडा ना माझा, ना त्या मंडळीतल्या माणसाचा. पण मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात शेवटच्या न्यायाच्या वेळी उजवीकडे उभे केलेले नीतिमान लोकही चकित होऊन विचारतात, प्रभू, तुला आम्ही भुकेला कधी पाहिलं? कुणाची सेवा केली, हे त्यांना माहीतच नव्हतं.

आणि आपल्या जलालपूरच्या लक्ष्मीबाई टिळक आठवा. नवऱ्याने १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, त्यांनी १९०० मध्ये. मधली वर्षं त्या खूप भांडल्या, रडल्या. त्या घरात देवाने घाई केली नाही. काकांना तेवढा वेळ मिळाला नाही असं तुम्ही म्हणाल. पण देवाचा वेळ कबरीपाशी संपतो, हे मला मान्य नाही.

कबरीच्या दगडावर काय कोरायचं, असं आत्याकरवी विचारलंत. फक्त नाव आणि साल घाला. जे वचन त्यांनी कधी उच्चारलं नाही, ते त्यांच्या नावाखाली नको. आपल्याला जे म्हणायचं ते आपण रविवारी उपासनेत त्यांचं नाव घेऊन म्हणू. पाळकसाहेबांना तसं सांगा. कुणी हरकत घेतली तर मला कळवा, मी त्यांच्याशी स्वतः बोलेन.

तुमची,
बेबी