दोन नंबरच्या गेटने या

पाथर्डी फाटा, नाशिक
रविवार, दुपार

ती. आई आणि ती. बाबा,
साष्टांग नमस्कार.

पत्र बघून घाबरू नका, सगळं ठीक आहे. फोनवर बाबा "थांब, आईकडे देतो" याच्या पुढे जात नाहीत. आईला सांगितलं, की ते बाबांपर्यंत पोचेस्तोवर निम्मं गळतं आणि उरलेल्यात तिची भर पडते. म्हणून लिहायला बसले. आई, आधी बाबांना वाचू दे. चष्मा टीव्हीच्या मागे असेल.

इथे राहायला येऊन आज 17 दिवस झाले. पहिल्या रात्री मी काय केलं ते मात्र आईलाच सांगायचंय. सामान टाकून छोटा हत्ती परत गेला, दूध उतू घालून झालं, चिऊ गाद्यांच्या ढिगावर आडवी झाली ती तशीच झोपली. आणि मी पाणी भरायला लागले. बादल्या भरल्या, हंडा भरला, दोन्ही कळश्या, मोठी पातेली, आणि काहीच रिकामं उरलं नाही तेव्हा कुकर. हे दारात उभे राहून बघत होते. म्हणाले, "अगं, नळ आहे तो. कुठे पळून जाणारे?" म्हटलं, सकाळी बघू. पहाटे साडेचारला उठून नळ सोडला, पाणी होतं. साडेपाचला पुन्हा सोडला, होतं. आपल्याकडे मनमाडला कधी पंधरा, कधी वीस दिवसांनी पाणी यायचं, त्या रात्री अख्खी गल्ली जागी असायची, आणि तू निळ्या ड्रमाला फडकं बांधून वर खडूने तारीख घालायचीस. शिळं आधी वापरायचं, ताजं मागे. ह्यांना हे सांगून कळत नाही. नाशिकच्या माणसाला पाण्याची तारीख म्हणजे काय ते ठाऊकच नाही. आमच्या भागाला मुकणे धरणाचं पाणी येतं, दिवसाआड नव्हे, रोज. तरी मी अजून रात्री दोन बादल्या भरून ठेवते. करंजवणच्या योजनेचं पाणी आपल्या गल्लीत कितपत येतंय, ते कळव.

आता बाबा, तुमच्याशी.

म्हाडाच्या सोडतीत घरासाठी नाव लागलं त्या दिवशी मी ऑफिसातून फोन केला, तेव्हा तुम्ही एकच वाक्य बोललात. "लॉटरीचं घर? लोकांना काय सांगू?" आणि फोन आईकडे. गृहप्रवेशाला गुडघा दुखायला लागला. गुडघ्याचं मी मानते, पण त्याच आठवड्यात तुम्ही पेन्शनवाल्यांच्या मीटिंगला चालत गेला होतात हे मला आईकडून नाही, दुसरीकडून कळलंय. कुणाकडून ते सांगणार नाही.

स्टेशनबाहेरच्या टपरीवर पेपरातले नंबर तिकिटाशी ताडत उभी असलेली माणसं दाखवून तुम्ही आम्हाला सांगायचात, बघा, पगार इथे वाहून जातो. ते मी विसरलेले नाही. म्हणून या घराचा हिशेब तुम्हाला वर्कशॉपच्या मस्टरसारखा सरळ मांडून दाखवते.

लॉटरी म्हणतात खरं, पण म्हाडाचा मराठी शब्द सोडत आहे. नियम असा आहे, की नाशिकसारख्या मोठ्या शहरात बिल्डरने 4000 चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जागेवर काम काढलं, तर त्यातली 20 टक्के घरं आर्थिक दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटासाठी ठेवावी लागतात. ती कुणाला द्यायची हे बिल्डरच्या हातात नसतं, म्हाडा सोडत काढून ठरवते. पैसे आपण मोजतो, आणि ते बिल्डरलाच. फुकट एक वीट नाही. अर्ज भरताना नवरा-बायकोचं उत्पन्न दाखवावं लागतं, इथे दुसरं घर नाही असं लिहून द्यावं लागतं, अनामत भरावी लागते. घरं थोडी, अर्ज ढीगभर, म्हणून कॉम्प्युटर नाव काढतो. तुम्हाला क्वार्टर मिळालं तेव्हा सिनिऑरिटीची यादी होती. तिथे यादी, इथे चिठ्ठी, एवढाच काय तो फरक. आणि त्या यादीत तुमचं नाव दोनदा कसं मागे गेलं होतं, ते जेवताना तुम्हीच सांगायचात.

आम्ही तीन वेळा अर्ज भरला. पहिल्या वेळी काही नाही, अनामत परत खात्यात. दुसऱ्या वेळी प्रतीक्षा यादीत होतो, पण आमच्यापर्यंत आलं नाही. तिसऱ्या वेळी मी निकाल बघायचाही नाही असं ठरवलं होतं. मधल्या सुट्टीत डबा उघडला आणि मोबाईलवर मेसेज आला. कंपनीच्या नेहमीच्या स्कीमचा असेल म्हणून मी आधी भाजी खाल्ली, मग वाचला. मध्ये एका माणसाचाही फोन आला होता, "ताई, दोन लाख द्या, नंबर लावून देतो." म्हाडा एजंट नेमत नाही हे जाहिरातीतच छापलेलं असतं. त्याला मी तुमच्या भाषेत उत्तर दिलं. वर्कशॉपच्या भाषेत.

आणि एक सांगते, या घरात तुमचा हात नाही असं समजू नका. डोमिसाइलचा दाखला नवा, बारकोडवाला लागत होता. त्यासाठी माझा शाळा सोडल्याचा दाखला हवा होता. तो काढायला उन्हात शाळेत कोण गेलं, आणि आडनावाची वेलांटी चुकली म्हणून पुन्हा कोण गेलं? तेव्हा विचारलं नाहीत कशाला हवा ते. मला वाटतं तुम्हाला माहीत होतं.

आकडे. घर 41 चौरस मीटरचं, म्हणजे आपल्या हिशेबात 441 फूट, कार्पेट. किंमत 19,50,000. कर्ज 16,00,000, वीस वर्षांचं, हप्ता 13,885. बाकीचे ह्यांच्या पीएफमधून आणि माझ्या भिशीतून. आधीचं भाडं 9,500 होतं, त्यामुळे ओढाताण आहे, नाही असं नाही. चिऊची व्हॅन बंद केली, मी तिला सोडून पुढे अंबडला जाते. घर एकट्या माझ्या नावावर घेतलं. बाईच्या नावावर घेतलं की मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत असते, त्यात 19,500 वाचले. हे सुचवलं तुमच्या जावयानेच, हे आईने नोंदवून ठेवावं, कारण लग्नाच्या वेळी ती त्यांच्याबद्दल काय म्हणाली होती ते मला आठवतंय. त्या पैशांत शेगडी आली आणि ओट्याखालची ट्रॉली आली. पाच वर्षं घर विकता येत नाही. विकायचंय कुणाला?

आता जे वाईट आहे तेही सांगते, म्हणजे तुम्ही आल्यावर स्वतःच शोधून काढणार नाही. बाथरूमचा उतार उलटा दिलाय. पाणी जाळीकडे न जाता दाराकडे येतं. दार उघडं असलं की पॅसेजमध्ये. बिल्डरच्या माणसाला तीनदा सांगितलं, तो "होऊन जाईल ताई" म्हणतो आणि खरंच हसतो. मग तुमचं वाक्य आठवलं, "तोंडी बोललेलं रेल्वेत झालेलंच नसतं." लेखी दिलं, पोच घेतली. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षं बांधकामातला दोष बिल्डरने पदरच्या पैशाने दुरुस्त करून द्यायचा, असं रेराच्या कायद्यात आहे. अर्जात कलमाचा नंबर घातला, तेव्हा तो हसायचा थांबला. काम अजून झालेलं नाही.

दुसरं म्हणजे, आमची इमारत मागे आहे. पुढे तीन उंच इमारती, मध्ये बाग, पोहण्याचा तलाव, त्याला काच. आमची सात मजल्यांची, एक लिफ्ट, आणि गेट वेगळं, मागच्या रस्त्यावर. पुढच्या बागेत जायला आम्हाला मनाई आहे असं लिहिलेलं कुठेच नाही, पण चिऊ तिसऱ्या दिवशी झोक्यावर बसली तर एक बाई म्हणाल्या, "बेटा, तू म्हाडावाल्यांची ना?" रागावून नाही, अगदी गोड. चिऊने मला घरी येऊन विचारलं, म्हाडा कोण आहे? मी हसले, पण त्या रात्री ह्यांच्याशी उगाच भांडले. नंतर विचार केला, की रेल्वे कॉलनीतसुद्धा साहेबांचे बंगले त्या अंगाला आणि आपली लाइन या अंगाला होती, आणि साहेबांच्या बंगल्यातल्या चिंचा आपणच खायचो. चिऊ अजून झोक्यावर जाते. मी तिला रोज पाठवते.

शेजार चांगला आहे. समोर सातपूरच्या कंपनीतले एक आहेत, वर एक शिवणकाम करणाऱ्या ताई. सगळे इतकी वर्षं भाड्याने राहिलेले. पहिल्या आठवड्यात जिन्यात भेटला की प्रत्येक जण एकमेकांना एकच विचारायचा, तुम्ही आधी किती घरं बदललीत? आमची 11 वर्षांत पाच झाली. उत्तमनगर, पवननगर, कामटवाडे, पुन्हा पवननगर, इंदिरानगर. 11 महिन्यांचा करार, मग मालकाचा फोन, मग खोकी. समोरच्यांची आठ. ते जिंकले. गच्चीवरून पांडवलेण्यांचा डोंगर दिसतो, पावसाळ्यात तर हात लावावा इतका जवळ. रस्ते सिंहस्थासाठी जागोजागी खणलेत, धूळ फार आहे. आणि 2027 च्या पर्वण्यांना आपल्याकडे उतरायचं असं आत्तापासून तिघांनी कळवलंय. त्यातल्या एकांना मी ओळखतही नाही, ते म्हणतात ते आत्याच्या नणंदेचे.

ताबा मिळाला त्या दिवसाचं सांगायचं राहिलंच. बिल्डरच्या ऑफिसात एका मुलाने माझ्यापुढे छापील यादी ठेवली. नळ किती, बटणं किती, खिडक्यांच्या काचा किती, किल्ल्या तीन. प्रत्येक ओळीपुढे खूण करायची आणि खाली सही. मी निम्म्यावर थांबले. तो म्हणाला, "मॅडम, काही कमी आहे का?" कमी काही नव्हतं. मला 2009 चं आठवलं. तुम्ही रिटायर झालात आणि क्वार्टर परत द्यायचं होतं. आदल्या दिवशी तुम्ही स्वतः चुना मारलात, साहेब नको म्हणत असताना. सकाळी इन्स्पेक्टर आला, त्याने अशीच यादी काढली. बल्ब होल्डर किती, कड्या किती. एक कडी कमी भरली. तुम्ही बाजारात जाऊन कडी आणलीत, बसवलीत, आणि मग सही केलीत. आई अंगणातल्या कढीपत्त्याला पाणी घालत होती, शेवटचं. मी टीवायला होते, पेपर तोंडावर होते, आणि मला तुमचा राग आला होता. कडीसाठी कोण एवढं करतं, असं वाटलं होतं. सायकलवर निघताना तुम्ही मागे वळून बघितलं नाहीत. मी बघितलं.

तुमची ग्रॅच्युइटी कुठे कुठे गेली ते मला माहीत आहे. ताईचं लग्न, आत्याचं ऑपरेशन, माझी फी. घर झालं नाही. ते मी कधी बोलून दाखवलेलं नाही, आणि आईनेही नाही, निदान माझ्यासमोर तरी नाही.

त्या मुलाच्या यादीवर मी सगळ्या खुणा केल्या. एक खिडकीची कडी ढिली होती. तीही लिहून घेतली.

वास्तुशांत केलेली नाही. तुमच्याशिवाय करणार नाही, मग गुडघा बरा व्हायला दिवाळी लागो. एक महिना तरी राहायचं अशा बेताने या. आतली खोली तुमची, तिला उजेड जास्त आहे आणि संडास जवळ आहे. आई, येताना पाटा आण, मिक्सरच्या चटणीला चव नाही. कढीपत्त्याचं रोप इथे मिळतं, पण तू आणशील तर तुझं लावू. निळा ड्रम आणू नकोस. बरं, आणायचाच असेल तर झाकणासकट आण, बाल्कनीत कोपरा ठेवलाय. बाबा, तुमची लेव्हलची पट्टी आणा. उतार किती उलटा आहे ते बिल्डरच्या माणसाला मोजून दाखवायचंय.

सकाळच्या पंचवटीने नाशिकरोडला उतरा. हे न्यायला येतील असं म्हटलं तर तुम्ही नाही म्हणणार, म्हणून रस्ता लिहिते. रिक्षावाल्याला पाथर्डी फाटा सांगा, भाडं आधी ठरवा. मोठ्या कमानीच्या गेटपाशी थांबू नका, तिथून आत सोडायला ते खूप प्रश्न विचारतात. तसंच पुढे, भिंत संपली की डावीकडे, दोन नंबरचं गेट. वॉचमन म्हातारा आहे, चांगला आहे, पण नावं लक्षात राहत नाहीत त्याच्या. तो विचारेल, "लॉटरीवाल्यांकडे का?"

बाबा, हो म्हणा.

तुमची,
सुमी