कोंक गावाहून मित्रास पत्र

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार.

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला, कारण फ्रान्सच्या दक्षिणेकडील आव्हेरोन भागातल्या कोंक नावाच्या गावी दोन दिवसांसाठी म्हणून आलो आणि आठवडाभर रेंगाळलो. फ्रान्समधल्याच ले प्यूई शहराहून स्पेनमधल्या सांतियागो या ख्रिस्ती तीर्थक्षेत्राकडे पायी निघालेले यात्रेकरू शतकानुशतके येथे मुक्काम करीत आले आहेत. दुर्दू नदीच्या खोऱ्यात, उतारावर एकाखाली एक बसलेली घरे आहेत आणि त्यांवर कौलांऐवजी काळसर दगडाचे पापुद्रे माशाच्या खवल्यांसारखे रचलेले आहेत.

येथल्या सेंट फॉय या संत स्त्रीच्या नावाच्या चर्चच्या बाराव्या शतकातल्या दारावर अंतिम न्यायाचा देखावा कोरलेला असून त्यात 124 आकृती आहेत. स्वर्ग-नरक पाहून झाल्यावर मात्र माझी नजर कमानीच्या कडेवर खिळली. तेथे काही चेहरे दगडी पट्टी दोन्ही हातांनी धरून, भिंतीआडून डोकावावे तसे खाली पाहताहेत. आठशे-नऊशे वर्षे त्यांचे कुतूहल काही संपलेले नाही! आतल्या 104 खिडक्यांना चित्रकार पियेर सुलाज यांनी 1994 पर्यंत रंगहीन काच बसवली. मला ती आधी रुक्ष वाटली, पण संध्याकाळी दगडावर उतरणारा उजेड पाहून मी मत बदलले.

सेंट फॉयची सोन्याने मढवलेली मूर्ती जेमतेम 85 सेंटिमीटर उंच आहे. संत म्हणजे कोवळी मुलगी, पण मूर्तीचे शिर रोमन साम्राज्याच्या अखेरच्या काळातल्या कुणा प्रौढ पुरुषाचे असल्याने तिची नजर करारी वाटते. या संत मुलीचे अवशेष नवव्या शतकात येथल्या एका भिक्षूने आजाँ शहरातून चक्क पळवून आणले, अशी कथा आहे. पुढे फ्रेंच राज्यक्रांतीत चर्चचे सोने-चांदी वितळवले जाऊ लागले, तेव्हा गावकऱ्यांनी हा ठेवा आपसांत वाटून लपवला, काही तर चेस्टनट वाळवण्याच्या झोपड्यांत. चोरून आणलेला देव चोरूनच राखला, याची मला मोठी गंमत वाटते.

गावाभोवती त्याच चेस्टनटचे रान आहे. या डोंगराळ भागात धान्य कमी, म्हणून हेच फळ गरिबाची भाकर होते. मंद धुरावर वाळवून ते हिवाळाभर पुरवीत. भाजलेल्याची चव मला थेट फणसाच्या उकडलेल्या आठळीसारखी लागली. काटेरी बोंडे मी हातानेच सोलायला गेलो आणि बोटे सोलून घेतली, म्हणून अक्षर असे वाकडे आले आहे, समजून घे.

वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
मित्र