काकूंची शोकसभा आणि कुत्र्या-मांजरांना खाऊ घालण्याची पाळी

सर्व सभासदांस,

आपल्या बी विंगच्या काकूंची शोकसभा रविवारी संध्याकाळी ६ वाजता क्लब हाउसमध्ये आहे. घरच्यांची विनंती: हार-गुच्छ नकोत. त्याऐवजी कुत्र्या-मांजरांचं कोरडं खाणं, जुन्या चादरी आणा.

काकूंना ओळखत नाही असं आपल्या उपवन भागात कोण आहे! पावसाळ्यात गाडी काढणाऱ्याला थांबवून ‘आधी बोनेटवर थाप मार, आत मांजर असेल’ असं दटावायच्या. अध्यक्षांनाही सोडलं नाही. आवारातल्या कुत्र्यांच्या कानाला दिसणारी खाच म्हणजे नसबंदीची खूण, आणि ती सगळी त्यांचीच खटपट. भांडल्याही खूप, पण भांडण दुसऱ्या दिवशी विसरायच्या.

आता मुद्द्याचं. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे आवारातल्या भटक्या प्राण्यांना खाऊ घालण्याची सोय करणं सोसायटीचं काम आहे. जिना, प्रवेशद्वार, मुलांची खेळायची जागा सोडून. म्हणून पंपरूमच्या मागे, रात्री ९ नंतर. उरलंसुरलं मसालेदार टाकू नये. खाऊन झाल्यावर जागा धुवावी. पाळीसाठी नाव आणि वार गेटवरच्या वहीत लिहा. सोमवार, गुरुवार अजून रिकामे आहेत.

– सचिव