मंत्रीमहोदय, शॉर्टफिल्मवाल्यांना अपिलाची जागा परत द्या

मा. माहिती व प्रसारण मंत्री, स.न.वि.वि.

सेन्सॉरच्या निर्णयावर दाद मागायला आपल्याकडे एफसीएटी हे अपिलाचं मंडळ होतं, ते २०२१ मध्ये बंद केलं आणि आता सरळ हायकोर्टात जा म्हणतात. उसनवारी करून २० मिनिटांची फिल्म बनवणारी पोरं वकिलाची फी कुठून आणणार हो? त्यात फिल्ममध्ये देवाधर्माचं काही असेल तर आधीच सगळे बिचकून असतात.

युरोपात काय झालं ते बघा. १९६३ ची इटालियन दिग्दर्शक पासोलिनीची 'ला रिकोत्ता', जेमतेम ३५ मिनिटांची. येशूच्या क्रुसावरच्या मरणाचं शूटिंग चाललंय, त्यात स्त्राच्ची नावाचा गरीब एक्स्ट्रा येशूशेजारी क्रुसावर चढवलेल्या चोराचं काम करतोय. सेटवर मिळालेलं जेवण तो बायकापोरांना देऊन टाकतो, कशीबशी दुसऱ्यांदा मिळवलेली शिदोरी हिरॉइनचं कुत्रं खातं, मग तो ते कुत्रंच विकून रिकोत्ता चीज आणतो आणि बकाबका खातो, लोक हसत हसत त्याच्यापुढे अजून खायला टाकत राहतात, आणि शेवटी क्रुसावर असतानाच अपचनाने मरतो. यात देवाची टिंगल कुठेय? भुकेल्या माणसाचं कुणालाच काही पडलेलं नाही, हे एवढं रोखठोक मी दुसऱ्या कुठल्या फिल्ममध्ये पाहिलेलं नाही. तरी फिल्म जप्त झाली, धर्माचा अपमान केला म्हणून पासोलिनीला ४ महिन्यांची सस्पेंडेड शिक्षा झाली. १९६४ मध्ये तो अपिलात सुटला, आणि त्याच वर्षी त्याने बायबलमधल्या मॅथ्यूच्या शुभवर्तमानावर केलेल्या सिनेमाला व्हेनिसमध्ये कॅथलिक संघटनेचा पुरस्कार मिळाला!

ब्रिटनमधली 'व्हिजन्स ऑफ एक्स्टसी' तर १८-१९ मिनिटांचीच, एकही संवाद नाही. १६व्या शतकातली स्पेनची संत तेरेसा क्रुसावरच्या येशूला कवटाळते, ही ईशनिंदा ठरेल म्हणून १९८९ मध्ये तिथल्या सेन्सॉर बोर्डाने सर्टिफिकेट नाकारलं. तेरेसाची ही भक्तीतली तंद्री इटालियन शिल्पकार बर्निनीने १७व्या शतकातच संगमरवरात कोरलीय, अर्धवट उघडे ओठ, मिटलेले डोळे, आणि तो पुतळा रोममधल्या चर्चमध्ये उघड उभा आहे. दिग्दर्शक नायजेल विंग्रोव्ह अपिलात गेला, ३ विरुद्ध २ ने हरला, १९९६ मध्ये स्ट्रासबर्गच्या युरोपियन मानवी हक्क कोर्टातही ७ विरुद्ध २ ने हरला. पण प्रत्येक ठिकाणी त्याचं म्हणणं ऐकलं गेलं, कारणं लेखी मिळाली, आणि निकालाच्या विरोधात मत देणाऱ्या न्यायाधीशांचं म्हणणंही आज कुणालाही वाचता येतं. २००८ मध्ये इंग्लंड-वेल्समधला ईशनिंदेचा कायदाच गेला आणि २०१२ मध्ये तीच फिल्म '१८' म्हणजे फक्त प्रौढांसाठीचं सर्टिफिकेट घेऊन पास झाली.

प्रत्येक फिल्म पास कराच असं आमचं म्हणणं नाही. काही फिल्म नुसत्या डिवचायला काढलेल्या असतात, मलाही आवडत नाहीत. पण नाही म्हणायचं तर लेखी कारण द्या, आणि त्यावर कमी खर्चात, ठरलेल्या मुदतीत अपील करता येईल असं मंडळ पुन्हा नेमा, त्यात सिनेमा कळणारी माणसं घ्या, आणि शॉर्टफिल्मसाठी फी माफ करा. येत्या अधिवेशनात एवढी दुरुस्ती आणाच, ही कळकळीची विनंती.

आपला,
फिल्म सोसायटीचा एक सभासद