औषधाच्या खिडकीवरच्या भाऊंना

नमस्कार भाऊ,

परवा औषध घ्यायला आले तर खिडकीत दुसरंच माणूस. तुमची बदली झाली म्हणाले. कुठे, हे विचारायला जीभ रेटली नाही, रांगेत ओळखीच्या गावची माणसं होती. म्हणून इथे लिहिते. नाव टाकत नाही, तुम्ही ओळखाल.

पहिल्यांदा आले तेव्हा मी पोटुशी होते. त्याच्या आदल्या आठवड्यात तालुक्याच्या एका खाजगी दवाखान्यात माझा रिपोर्ट भर व्हरांड्यात मोठ्यानं वाचला होता. 'अशी केस आम्ही घेत नाही, घेऊन जा हिला.' सासू शेजारी उभी, बाकावर आमच्याच गावच्या दोघी बसलेल्या. संमतीशिवाय कुणाचा एचआयव्हीचा रिपोर्ट फोडायचा नाही, त्यावरून उपचार नाकारायचे नाहीत, असा कायदा सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. तेव्हाही होता. एवढ्या शिकलेल्या डॉक्टरांना तो माहीत नसेल, हे मला पटत नाही.

मग यवतमाळचा सरकारी दवाखाना. समुपदेशन, रक्त, कागद, सगळं झालं आणि शेवटी तुमची खिडकी. तुम्ही गोळ्यांची डबी दिली. मी ती पिशवीत टाकली आणि ती खळखळ वाजली. मी दचकले, ते तुम्ही पाहिलं. डबी परत मागितलीत. झाकण उघडून वर कापसाचा बोळा दाबून बसवलात, कानाशी नेऊन हलवून पाहिली. 'घ्या, आता वाजत नाही.' एवढंच बोलून पुढच्याला हाक मारलीत.

आमचा जन्म पऱ्हाटीत गेला. कापूस किती वेचला त्याला मोजदाद नाही, पण त्या बोळ्यानं माझं घर राहिलं. एसटीत पिशवी मांडीवर घेऊन बसायचे आणि शेजारची बाई काही विचारायची नाही. घरी धान्याच्या कोठीमागं डबी ठेवायचे, कुणाला चाहूल लागायची नाही. रोज रात्री गोळी घेतली, एकही चुकवली नाही. माझ्यासोबत येणारी एक जण मात्र डबी वाजते म्हणून गावच्या फाट्यावरच फेकून द्यायची. ती आता नाही, भाऊ. तिच्याही डबीत कुणी कापूस भरायला पाहिजे होता.

पूर्वी सीडीफोर, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या रक्तातल्या पेशींचा आकडा, खाली येईपर्यंत औषधाची वाट पाहावी लागायची. २०१७ पासून निदान झालं की लगेच सुरू करतात. माझी सुरुवातीची रात्रीची गोळी डोकं गरगरवायची, स्वप्नं भलतीच पडायची. पुढे डोलुटेग्राविर नावाच्या नव्या औषधाची गोळी आली आणि मी सकाळी उठून वावरात जाऊ लागले. लॉकडाऊनमध्ये एसटी बंद होती, तेव्हा पुढच्या महिन्यांच्या डब्या एकदम मिळाल्या. सगळ्यांत कापूस होता.

व्हायरल लोड, म्हणजे एक मिलिलीटर रक्तातल्या विषाणूंचा आकडा, हजाराच्या खाली आला की विषाणू दबला असं धरतात. माझ्या रिपोर्टवर आता 'टार्गेट नॉट डिटेक्टेड' लिहून येतं. म्हणजे रक्तात सापडतच नाही, आणि असं टिकलं तर नवऱ्याबायकोच्या संबंधातून दुसऱ्याला लागण होत नाही. देशात औषध घेणाऱ्या शंभरातल्या ९७ जणांचा विषाणू असा दबलेला आहे, असं २०२४ च्या सरकारी अहवालात आहे. पण त्याच अहवालात हेही आहे की लागण असलेल्या शंभरातल्या ८१ जणांनाच ती माहीत आहे. उरलेल्यांतल्या किती जणांनी दुसऱ्या कुणाचा असा व्हरांडा पाहिला असेल आणि तपासणीचा विचारच सोडला असेल? ते ९७ तुमच्यासारख्या माणसांमुळे आहेत. तुमची नोकरी कंत्राटी, वर्षावर्षाची, तरी कधी कुणावर खेकसल्याचं मी ऐकलं नाही. अशी माणसं सरकारी खिडक्यांत बसलेली आहेत, हे लोकांनी मोठ्यानं सांगायला पाहिजे.

पोराबद्दल तुम्ही कधी विचारलं नाही. रांगेतले ऐकतील म्हणून, हे मला कळायचं. आता सांगते. अठराव्या महिन्याची शेवटची तपासणी निगेटिव्ह आली. शाळेत जातो. पाढे पाठ आहेत, अक्षर मात्र फार वाईट आहे.

तुमची,
खिडकीवर येणारी एक बहीण