गाडीच्या फुटक्या होज पाइपाविषयी मित्रास पत्र

दारव्हा, जि. यवतमाळ

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

वणीहून आलेले तुझे पत्र वाचले. काकांच्या वेळची मारुती ८०० आता विकून टाका, असे मिस्तरी म्हणतो हे वाचून राहवले नाही. रेडिएटरमधले, म्हणजे इंजिन थंड ठेवणारे, पाणी रोज थोडे कमी होणे, आणि गाडी उभी केल्यावर बॉनेटमधून गोडसर वास येणे, ही तू लिहिलेली लक्षणे इंजिनापेक्षा ते पाणी वाहून नेणाऱ्या रबरी होज पाइपाकडेच बोट दाखवतात. इंजिन बंद केले की पाणी फिरवणारा पंप थांबतो, पण तापलेल्या लोखंडाची उष्णता पाण्यात उतरतच राहते. दाब वाढतो आणि चालताना न दिसलेली गळती तेव्हा दिसते.

सकाळी गाडी पूर्ण थंड असताना रेडिएटरचा वरचा पाइप इंजिनाला जिथे बसतो, तिथे क्लिपच्या कडेने बोट फिरवून पाहा. माझ्या गाडीत तिथे हिरवट-पांढरी खपली धरली होती; पाइप मधे टणक आणि टोकाशी लिबलिबीत झाला होता, आणि अंगठ्याने दाबताच क्लिपलगतची बारीक चीर उघडली. अशा रबरावर क्लिप कितीही आवळली तरी ती रबरच कापते, आणि चिकटपट्टी दाबापुढे टिकत नाही. रेडिएटरच्या झाकणावर बहुधा ०.९ असा आकडा असतो, म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षा ०.९ बार जास्त दाब. तेवढ्या दाबाखाली साधे पाणीसुद्धा ११८ अंशांच्या आसपास उकळते, पण गळतीने दाब गेला की १०० अंशांनाच उकळू लागते, आणि आपल्याकडे मे महिन्यात बाहेरची हवाच ४५ अंशांची असते.

म्हणून पाइप नवाच टाक. रेडिएटरखालचा नळ सोडून जुने कूलंट (पाण्यात मिसळलेले थंडाव्याचे द्रव) टोपात धर. ते अंगणात मुळीच सांडू देऊ नकोस, कारण गोडीमुळे कुत्री आणि वासरे ते चाटतात आणि त्यातल्या इथिलीन ग्लायकॉलने त्यांची मूत्रपिंडे निकामी होतात. चिकटलेला पाइप ओढू नकोस, त्याला लांबीत काप दे, नाहीतर नळीचे तोंडच तुटायचे. तोंडावरची खपली बारीक पॉलिश पेपरने साफ कर आणि नवी क्लिप नळीच्या उंचवट्याच्या आतल्या बाजूला बसव.

भरताना आपल्या बोअरचे पाणी कृपा करून वापरू नकोस, त्यातले क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतात. निम्मे कूलंट आणि निम्मे डिस्टिल्ड वॉटर घे. झाकण उघडे ठेवूनच इंजिन सुरू कर, हीटर असल्यास तो गरमवर ठेव, आणि पंखा फिरू लागून बुडबुडे थांबेपर्यंत थोडे थोडे भरत राहा. एकदा गाडी तापली आणि झाकण लावले की मग ते थंड होईपर्यंत उघडायचे नाही.

एवढे करूनही पाणी कमी झाले, किंवा ऑइलच्या झाकणाखाली दुधासारखा थर दिसला, तर हेड गॅस्केटची, म्हणजे इंजिनाच्या वरच्या आणि खालच्या भागांमधल्या सीलची, शंका घ्यावी लागेल. विकण्याचा विचार तोवर तरी नको. दुकानात जाताना जुना पाइप सोबत ने, कारण त्याचे वाकण जुळले पाहिजे.

काकूंना नमस्कार.

तुझा स्नेही