मागे वळून पाहणे

नेपल्स, रविवार

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

काल येथील राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात एका संगमरवरी उठावशिल्पासमोर मी बराच वेळ उभा राहिलो, आणि ते तुम्हांला कळवल्यावाचून राहवेना. सुमारे चार फूट उंचीच्या त्या पटावर तिघेच आहेत : डावीकडे देवांचा दूत हर्मीस, मध्ये युरिडिसी आणि उजवीकडे तिचा पती ऑर्फियस. मूळ ग्रीक शिल्प इ.स.पू. पाचव्या शतकातले; ते नष्ट झाले आणि रोमन काळातील प्रती तेवढ्या उरल्या. त्यांपैकी एक पॅरिसच्या लूव्रमध्ये आहे. येथील प्रतीवर तिघांची नावे ग्रीक अक्षरांत कोरली आहेत आणि ऑर्फियसचे नाव तेवढे उजवीकडून डावीकडे लिहिले आहे, जणू ते नावही मागे वळले आहे.

आई, गोष्ट थोडक्यात सांगतो. सर्पदंशाने गेलेल्या बायकोसाठी ऑर्फियस पाताळात उतरला, त्याच्या गाण्याने तिथले राजा-राणी द्रवले आणि उजेडात पोहोचेपर्यंत मागे वळून पाहायचे नाही, या अटीवर त्यांनी तिला परत दिले. तो वळला.

शिल्पकाराने नेमका तोच क्षण निवडला आहे, पण आक्रोश कुठेही नाही. युरिडिसीच्या चेहऱ्यावरील वस्त्र बाजूला सरले आहे, दोघे एकमेकांकडे पाहत आहेत आणि तिचा डावा हात त्याच्या खांद्यावर टेकला आहे. त्या हातात मला कुठेही दोष देणे दिसले नाही. त्याच वेळी तिचा उजवा हात हर्मीसने धरला आहे, आणि तोही ओढून नव्हे, तर एखाद्या आजाऱ्याला उठवताना धरावा तितक्या हलकेपणे. त्याच्या दुसऱ्या हाताची बोटे मात्र स्वतःच्याच वस्त्राच्या चुण्यांशी चाळा करीत आहेत. न्यायला आलेल्या देवालाही तिथे अवघडल्यासारखे झाले आहे, असे मला वाटले.

बाबा, आजीला पोहोचवून आपण नदीकाठाहून परतत होतो, तेव्हा आता मागे वळून पाहायचे नाही, असे तुम्ही मला बजावले होते. पण वडाच्या पारापाशी तुम्हीच क्षणभर थबकलात आणि वळलात. मी ते पाहिले होते, मात्र इतकी वर्षे त्याविषयी बोललो नाही. तुमचा नियम मोडला, असे तेव्हा माझ्या बालबुद्धीला वाटले होते. काल त्या शिल्पासमोर मला प्रथमच वाटले की, तुम्ही त्या वेळी एकटे असायला नको होता, मी तुमचा हात धरायला हवा होता.

शिल्पाचे छायाचित्र ताईच्या फोनवर पाठवले आहे. आईचा चष्मा नवा झाला असेल, तर तिला ते मोठे करून आधी हात दाखवा, चेहरे नंतर.

तुमचा,
धाकटा